तेलविहिरीचं फ्रॅकिंग: पंप चालू करायच्या आधी आणि चालू असताना नेमकं काय बघायचं

फ्रॅक जॉब म्हटलं की डोळ्यासमोर पंपांची रांग आणि वाळूचे ट्रक येतात, नवीन पोरं पण पहिलं हेच विचारतात की सँड किती टाकली, रेट (मिनिटाला किती बॅरल) किती मारला. खरं सांगायचं तर जॉब चांगला होणार की वाया जाणार हे बऱ्याचदा मोठे पंप सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं असतं, विहीर कुठली निवडली आणि छोट्या टेस्टमधलं प्रेशर नीट वाचलं का यावर. म्हणून पंपिंगवर कमी आणि त्याच्या आधीच्या कामावर जास्त लिहितोय. युनिट फील्डमधलेच ठेवलेत, पीएसआय, बॅरल, फूट, साइटवर तेच चालतं.

मूळ गोष्ट साधी आहे. खडकाच्या सहनशक्तीपेक्षा जास्त प्रेशरने पाणी किंवा जेल आत ढकललं की खडकाला भेग पडते, मग त्यात वाळू भरायची म्हणजे पंप बंद झाल्यावर भेग पूर्ण मिटत नाही, आणि तेलाला विहिरीपर्यंत यायला सोपी वाट मिळते. १९४७ मध्ये अमेरिकेत कॅन्ससच्या ह्यूगोटन गॅस फील्डमध्ये पहिला प्रयोग झाला तो नेपाम घालून घट्ट केलेल्या पेट्रोलने, आज ऐकूनच अंगावर काटा येतो, आणि त्या विहिरीचं उत्पादन काही फारसं वाढलं नव्हतं. तरी १९४९ मध्ये धंदा म्हणून जॉब सुरू झाले ते आजपर्यंत चालूच आहेत.

आधी विहीर बघा, मग फ्रॅकचं नाव काढा

उत्पादन कमी आहे म्हणून लगेच फ्रॅक, असं नसतं. कमी उत्पादनाची कारणं वेगवेगळी असतात: खडकाची पर्मिएबिलिटीच, म्हणजे द्रव आरपार जाऊ द्यायची क्षमताच, कमी असेल, ड्रिलिंगच्या वेळी चिखल आत जाऊन विहिरीजवळचा भाग चोंदला असेल, रिझर्व्हॉयरचं, म्हणजे तेल साठलेल्या खडकाचं, प्रेशरच संपत आलं असेल, किंवा ट्यूबिंगमध्ये, म्हणजे तेल वर आणणाऱ्या पाइपात, वॅक्स नाहीतर स्केल (क्षारांचा थर) जमलं असेल, पंप झिजला असेल. शेवटच्या प्रकारात फ्रॅक करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणून आधी विहीर बंद करून प्रेशर बिल्डअप टेस्ट घ्या, त्यातून पर्मिएबिलिटी, स्किन (विहिरीजवळचा भाग किती चोंदलाय त्याचा आकडा) आणि रिझर्व्हॉयर प्रेशर तिन्ही कळतात. पर्मिएबिलिटी चांगली आणि स्किन जास्त असेल तर कधी कधी साधा अ‍ॅसिड जॉबच पुरतो, किंवा चोंदलेला भाग ओलांडेल एवढी छोटी भेग पुरते. पर्मिएबिलिटी कमी पण प्रेशर शाबूत, हा खरा फ्रॅकचा उमेदवार. प्रेशरच नसेल तर भेग कितीही मोठी पाडा, तेलाला ढकलणारं कोणी नाही, आणि पंप केलेलं पाणी परत बाहेर यायची पण मारामार.

दुसरी गोष्ट पाणी. तेलाच्या थराखाली थोड्याच अंतरावर पाण्याचा थर असेल आणि मधे शेलचा (घट्ट चिकणमातीच्या खडकाचा) नीट जाड अडसर नसेल, तर भेग सरळ खाली उतरते आणि तुम्ही पाण्याला हायवे बांधून देता. सोनिक लॉगवरून (विहिरीत ध्वनिलहरींनी घेतलेल्या नोंदीवरून) थराथरातला स्ट्रेस, म्हणजे खडकातला दाब, काढून घ्या, वरखालच्या शेलमध्ये स्ट्रेस जास्त असेल तर भेग तिथे थांबायची शक्यता चांगली, फरक नसेल तर रेट आणि जेलचा घट्टपणा दोन्ही कमी ठेवा किंवा ती विहीर सोडून द्या. सोडून देणं हा पण निर्णयच आहे, मीटिंगमध्ये तो कोणाला आवडत नाही एवढंच.

तिसरी गोष्ट विहिरीचं आरोग्य. सिमेंट बाँड लॉग (केसिंगमागचं सिमेंट नीट चिकटलंय का ते दाखवणारी नोंद) बघा, केसिंगची, म्हणजे विहिरीला आतून लावलेल्या पोलादी पाइपाची, प्रेशर टेस्ट घ्या. जुनी गंजलेली केसिंग असेल तर वरून थेट प्रेशर न देता पॅकरवर (केसिंगमधली जागा बंद करणाऱ्या बुचावर) वेगळी फ्रॅक स्ट्रिंग, म्हणजे आतला वेगळा पाइप, उतरवा. सिमेंट खराब असेल तर भेग खडकात जायच्या ऐवजी केसिंगच्या मागून वर सरकते, आणि वर पिण्याच्या पाण्याचे थर असतात, तिथे चूक परवडत नाही.

भेग किती लांब, किती रुंद

घोडं इथेच पेंड खातं. भेगेची वाहून नेण्याची ताकद म्हणजे आतल्या वाळूची पर्मिएबिलिटी गुणिले भेगेची रुंदी. खडकाची तेल द्यायची ताकद म्हणजे खडकाची पर्मिएबिलिटी गुणिले भेगेची एका बाजूची लांबी. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की जो आकडा येतो तो डायमेन्शनलेस कंडक्टिव्हिटी, तो साधारण २ च्या आसपास तरी हवा, घट्ट खडकात १० किंवा जास्त ठेवतात.

आता हिशोब करून बघा. खडक १ मिलिडार्सीचा (हे पर्मिएबिलिटीचं युनिट) आणि भेग एका बाजूला ५०० फूट असेल तर २ चा आकडा गाठायला भेगेत १,००० मिलिडार्सी-फूट लागतात. खडक ५० मिलिडार्सीचा आणि भेग फक्त १०० फूट असली तरी १०,००० लागतात. आणि शेलसारखा ०.००१ मिलिडार्सीचा खडक असेल तर तीच ५०० फुटी भेग ५ मिलिडार्सी-फूट मिळाले की १० च्या आकड्याला पोचते. म्हणजे चांगल्या पर्मिएबिलिटीच्या विहिरीत लांब भेगेच्या मागे लागणं व्यर्थ, तिथे आखूड आणि जाडजूड भेग हवी, वाळू ठासून भरलेली, आणि घट्ट खडकात उलट, लांबी हवी आणि थोडीशी वाळू पण चालून जाते. एका फील्डमध्ये चाललेलं डिझाइन दुसरीकडे जसंच्या तसं उचललं की का फसतं ते या तीन आकड्यांत दिसतं. अजून एक, लॅबमधला वाळूचा कंडक्टिव्हिटीचा आकडा तसाच घेऊ नका, जेलचा उरलेला गाळ, वाळूचा चुरा, तेल-गॅस-पाणी एकत्र वाहणं, हे सगळं धरलं तर जमिनीखाली त्याचा कधी कधी दहावा हिस्सासुद्धा उरत नाही.

भेगेची दिशा मात्र आपल्या हातात नसते, सगळ्यात कमी स्ट्रेस ज्या दिशेला आहे त्याला काटकोनात ती पसरते. खोल विहिरीत वरच्या खडकाच्या वजनामुळे उभा स्ट्रेस जास्त असतो आणि सगळ्यात कमी स्ट्रेस आडव्या दिशेला, म्हणूनच बहुतेक वेळा उभी भेग पडते.

फ्लुइड आणि वाळू

ढोबळमानाने तीन पर्याय. स्लिकवॉटर म्हणजे पाणी आणि त्यात फ्रिक्शन रिड्यूसर, दर हजार गॅलनला अर्धा ते एक गॅलन, एवढ्याशाने पाइपमधलं घर्षण निम्म्याहून जास्त खाली येतं. वाळू वाहून न्यायला हे पाणी फारसं कामाचं नाही म्हणून रेट जास्त ठेवावा लागतो आणि वाळू बारीक आणि पातळ. १९९० च्या दशकाच्या शेवटी टेक्ससच्या बार्नेट शेलमध्ये मिचेल एनर्जीने महागड्या जेलऐवजी हेच वापरून बघितलं आणि शेलचं गणितच बदललं. दुसरा पर्याय लिनिअर जेल, म्हणजे पाण्यात ग्वार, आपली गवारच, तिच्या बियांची पावडर. तिसरा क्रॉसलिंक जेल, त्याच ग्वारला बोरेट किंवा झिर्कोनियमने गाठी मारलेल्या, मग ते एवढं घट्ट होतं की जाड वाळू खालपर्यंत तरंगत नेतं. जाड भेग हवी असेल तर हेच.

बोरेट जेल बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. टाकीतल्या पाण्याचा पीएच, लोह, बायकार्बोनेट, बॅक्टेरिया तपासल्याशिवाय ग्वार घालू नका, प्रत्येक टाकीचं वेगळं सँपल घ्या, एका टाकीवरून बाकीच्यांचा अंदाज बांधायचा नाही. बोरेटला पीएच साधारण ९ च्या वर लागतो. साइटवरची सगळ्यात साधी टेस्ट म्हणजे कपात जेल घ्या, क्रॉसलिंकर घालून ढवळा आणि कप हळूच तिरका करा, नीट जमलेलं जेल काठावरून जिभेसारखं खाली लोंबतं आणि कप सरळ केला की सगळंच्या सगळं परत आत जातं. पाण्यासारखं सांडलं तर कमी पडतंय, काचेसारखं तुटून तुकडे पडले तर क्रॉसलिंकर जास्त झालाय. ब्रेकरची (जेल मोडणाऱ्या केमिकलची) टेस्ट पण विहिरीच्या तळाच्या तापमानाला वॉटर बाथमध्ये घ्या, जॉबभर जेल टिकलं पाहिजे आणि नंतर काही तासांत मोडून पाण्यासारखं पातळ झालं पाहिजे. मोडलं नाही तर तुम्ही स्वतःच्याच भेगेत बूच मारून आलात. चिकणमाती फुगणारा खडक असेल तर २ टक्के पोटॅशियम क्लोराइड किंवा त्याच्या जागी क्ले स्टॅबिलायझर हवाच.

वाळू निवडताना तिच्यावर येणारा भार काढा: भेग मिटायचं प्रेशर वजा विहिरीच्या तळाचं वाहतं प्रेशर. ८,००० फुटांवर क्लोजर ग्रेडियंट (भेग मिटायचं प्रेशर, दर फुटामागे पीएसआयमध्ये) ०.७ असेल तर ५,६०० पीएसआय, त्यातून तळाचे १,५०० वजा, म्हणजे ४,१००, साधी पांढरी वाळू चालेल. १२,००० फुटांवर ग्रेडियंट ०.८ धरला तर ९,६०० वजा २,००० म्हणजे ७,६००, इथे साध्या वाळूचा भुगा होतो, रेझिन कोटेड किंवा सिरॅमिक घ्यावं लागतं. पहिल्या महिन्यात सगळं छान दिसतं, नंतर पंपाने विहिरीतल्या द्रवाची लेव्हल खाली नेली की भार वाढतो आणि मग भुगा, त्यामुळे आजचं नाही तर पुढे जे सगळ्यात कमी वाहतं प्रेशर असणार तेच धरा. चुनखडीचा खडक असेल तर वाळूशिवाय पण जमतं, प्रेशरने १५ टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड मारून भेगेच्या भिंती वेड्यावाकड्या खाऊन टाकायच्या म्हणजे त्या एकमेकींवर नीट बसतच नाहीत. खडक मऊ असेल किंवा खूप खोल असेल तर मात्र त्या वाटा दाबाखाली मिटून जातात.

मिनी-फ्रॅक टाळू नका

मिनी-फ्रॅक म्हणजे मुख्य जॉबच्या आधीची छोटी टेस्ट. खर्च वाचवायचा म्हणून सगळ्यात आधी हीच कापतात आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी बचत ही. ऑफिसात बसून केलेलं डिझाइन म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, खरा खडक काय म्हणतो ते या टेस्टमध्येच कळतं. मुख्य जॉबचंच फ्लुइड, वाळूशिवाय, जॉबच्याच रेटला थोडंसं पंप करा, मग रेट पायऱ्या-पायऱ्यांनी खाली आणा, प्रत्येक पायरीवर प्रेशर स्थिर होईपर्यंत थांबा, आणि शेवटी बंद करून प्रेशर कसं उतरतं ते बघत बसा.

पायऱ्यांमधून कळतं की प्रेशर कुठे वाया जातंय. पर्फोरेशनमधलं, म्हणजे केसिंगला पाडलेल्या भोकांमधलं, घर्षण रेटच्या वर्गाने वाढतं, म्हणजे पहिल्या एकदोन पायऱ्यांतच प्रेशर धाडकन पडलं तर भोकं कमी उघडी आहेत, अ‍ॅसिड मारा किंवा परत पर्फोरेट करा. विहिरीजवळ भेग वळणावळणाची असेल तर उलटं, मोठा फरक शेवटच्या, कमी रेटच्या पायऱ्यांवर दिसतो, तिथे १०० मेशची बारीक वाळू थोडी थोडी मारून वाट घासून घ्यायची, नाहीतर जेल घट्ट करायचं.

बंद केल्यानंतरच्या उतारातून जी-फंक्शन प्लॉट काढतात (जी हा बंद केल्यानंतरच्या वेळेवरून काढलेला आकडा), १९७९ मध्ये नोल्टी यांनी मांडलेला. त्यातला सेमीलॉग डेरिव्हेटिव्ह (प्रेशर किती वेगाने उतरतंय ते दाखवणारी रेघ) सरळ रेषेत वर जातो आणि जिथे रेषा सोडून खाली वळतो तो क्लोजर, म्हणजे भेग मिटल्याचा क्षण. रेषेच्या वर उंचवटा दिसला तर खडकात आधीच्याच बारीक फटी आहेत आणि फ्लुइड तिकडे पळतंय, रेषेच्या खाली पोट दिसलं तर भेग उंचीत शेजारच्या थरात घुसली होती. क्लोजरच्या जी ला जी अधिक २ ने भागा, ती फ्लुइडची एफिशिअन्सी, म्हणजे पंप केलेल्यातलं किती भेगेत उरलं ते. ती ४० टक्के आली तर १ मधून ०.४ वजा, भागिले १ अधिक ०.४, म्हणजे जवळपास ४३ टक्के व्हॉल्यूम पॅड म्हणून वाळूशिवाय लागेल. डिझाइनमध्ये पॅड २५ टक्के धरला होता आणि टेस्टने ४३ सांगितला, तर वेळापत्रक जागेवर बदला, उद्या बघू म्हणायचं नाही.

प्रेशर आणि हॉर्सपॉवरचा हिशोब

वरचं प्रेशर म्हणजे तळाचं प्रेशर वजा पाण्याच्या स्तंभाचं वजन अधिक सगळी घर्षणं. ८,००० फूट, फ्रॅक ग्रेडियंट ०.७५, म्हणजे तळाला ६,०००. पाण्याचा स्तंभ ०.४३३ ने ३,४६४. राहिले २,५३६. पाइपचं घर्षण १,५००, भोकांचं आणि वळणांचं मिळून ८०० धरलं तर वर ४,८०० च्या पुढे. हॉर्सपॉवर म्हणजे पीएसआय गुणिले मिनिटाला बॅरल भागिले ४०.८. आडव्या विहिरीत ८,००० पीएसआय आणि ८० बॅरल मारायचे असतील तर १५,७०० च्या आसपास लागतात, आणि पंप कधीच पूर्ण ताकदीवर तासन्‌तास चालवायचे नसतात, दोनतीन पंप जादा उभे ठेवा, जॉबच्या मधे एखादा हमखास बसतो.

जॉबच्या दिवशी

सगळ्या लाइनची प्रेशर टेस्ट जास्तीत जास्त प्रेशरच्या वर. पंपांचे ट्रिप, म्हणजे आपोआप बंद पडायचे प्रेशर, वेगवेगळ्या आकड्यांवर लावा, सगळे एकाच आकड्यावर लावले तर सगळे एकदम बंद पडतात आणि वाळू विहिरीतच बसते. हाय प्रेशर लाइनच्या आसपास पंपिंग चालू असताना कोणीही जायचं नाही, गळती दिसली तरी आधी पंप बंद, प्रेशर शून्य, मगच स्पॅनर. वाळूच्या धुळीला लोक हलक्यात घेतात, पण त्या सिलिकाने फुप्फुसं कायमची जातात, अमेरिकेत २०१६ च्या नियमाने मर्यादा ८ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम आहे, आणि सँड मूव्हरजवळ साधा कापडी मास्क काही कामाचा नाही.

डेटा व्हॅनमध्ये बसलात की तळाचं नेट प्रेशर (तळाचं प्रेशर वजा भेग मिटायचं प्रेशर) वेळेसमोर लॉग-लॉग आलेखावर लावा. हळूहळू वर चढतंय तर भेग लांबीत वाढतेय, छान. सपाट झालं तर उंचीत वाढायला लागलीय किंवा फटी उघडतायत. खाली पडायला लागलं तर वरखाली सुसाट निघालीय. आणि वेळ जेवढ्या पटीने वाढतो तेवढ्याच पटीने प्रेशर चढायला लागलं तर टोकाला वाळू अडलीय, जाड भेगेच्या जॉबमध्ये हेच मुद्दाम घडवून आणतात, बाकी ठिकाणी ही स्क्रीनआउटची, म्हणजे वाळू अडून पंपिंगच बंद पडायची, पहिली घंटा.

इथे एक गोष्ट नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. साडेपाच इंची २३ पौंडी केसिंगमध्ये ८,००० फुटांना जवळपास १७० बॅरल मावतात, २० च्या रेटला साडेआठ मिनिटं. म्हणजे ब्लेंडरवर (वाळू मिसळणाऱ्या मशीनवर) आत्ता सँड कमी केली तरी पुढची साडेआठ मिनिटं जुनीच जाड सँड भोकांवर जात राहणार, त्यामुळे प्रेशर मर्यादेला टेकायची वाट बघायची नसते. चढ सुरू झाला की सँड कापा, रेट शक्यतो तसाच ठेवा आणि फ्लशला (पाइपातली वाळू बिनवाळूच्या फ्लुइडने भेगेत ढकलायला) जा, घाबरून रेट एकदम पाडलात तर वाळू तिथेच बसते. बसलीच तर लगेच विहीर उलटी वाहू द्या, नाहीतर वाळू धुवून काढायला कॉइल ट्यूबिंग (रिळावर गुंडाळलेला लांब पाइप) बोलवावं लागतं. फ्लश मोजून, उभ्या विहिरीत भोकांच्या थोडं अलीकडेच थांबा, वाळू जास्त आत ढकलली तर विहिरीला लागूनचीच भेग रिकामी राहून मिटते.

आडव्या विहिरीत प्लग अँड पर्फ (एक भाग बुचाने बंद करून पुढच्या भागात भोकं पाडत जाणं) करताना खरी अडचण ही की एका स्टेजमधल्या सगळ्या क्लस्टरना (भोकांच्या गटांना) फ्लुइड सारखं मिळत नाही, सोपा असेल तोच सगळं गिळतो. उपाय म्हणजे भोकं कमी आणि लहान ठेवायची. ०.४२ इंची ३० भोकांतून ९० बॅरलचा रेट गेला तर भोकांमध्ये ९०० पीएसआय लागतात, तेच १५ भोकांतून नेलं तर ३,६०० च्या आसपास, आणि एवढं घर्षण झालं की कुठल्याच क्लस्टरला एकट्याने हावरटपणा करता येत नाही. मात्र वाळूने भोकं झिजून मोठी होतात, म्हणून जॉबच्या शेवटी हे घर्षण सुरुवातीएवढं राहत नाही.

नंतरचं

जेल मोडल्याची वेळ झाली की छोट्या चोकवर (प्रवाह आवरणाऱ्या अरुंद तोंडावर) विहीर सुरू करा आणि हळूहळू वाढवा. पहिल्याच दिवशी मोठा आकडा दाखवायच्या नादात चोक उघडला तर वाळूच बाहेर येते, सेपरेटर पण खराब होतो. परत आलेलं पाणी खारट असतं, त्यात केमिकल असतात, ते कुठे जाणार हे जॉबच्या आधी कागदावर हवं. ओक्लाहोमात वाढलेल्या भूकंपांचा संबंध मुख्यतः असं पाणी खोल विहिरींत सोडण्याशी लागला, पण फ्रॅकिंगने थेट पण धक्के बसतात, इंग्लंडमध्ये २०१९ मध्ये प्रेस्टन न्यू रोडला २.९ चा बसला आणि त्यानंतर तिथे फ्रॅकिंगच थांबवलं गेलं. जवळपास फॉल्ट (खडकातला मोठा तडा) असेल तर भूकंपमापक लावून, कुठल्या तीव्रतेला पंप बंद करायचे हे आधी ठरवूनच जॉब घ्या.

शेजारी जुनी विहीर असेल तर जॉबच्या काळात ती बंद ठेवून तिच्यावर गेज लावा, नवीन भेग तिथल्या रिकाम्या झालेल्या भागाकडे ओढली जाते आणि वाळू-पाणी थेट तिच्यात घुसू शकतं. काही महिन्यांनी परत बिल्डअप घ्या. त्यातून निघालेली भेगेची लांबी सॉफ्टवेअरने दाखवलेल्या लांबीपेक्षा बहुतेक वेळा कमीच येते, आणि पुढच्या विहिरीच्या डिझाइनमध्ये सॉफ्टवेअरचा नाही, हा आकडा घालायचा.